पायाळू डॉक्टरीण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. एवढ्या भांडवलावर हिवरखेडच्या लोकांनी ठरवून टाकलं, की माझ्या पायात गुण आहे. कुणाच्या कमरेत उसण भरली, श्वास घेतला की चमक निघायला लागली, की तो माणूस आमच्या ओसरीवर पालथा पडायचा आणि मी त्याच्या पाठीवरून पाय फिरवायचे. मी नीट चालायला लागले तेव्हापासून हे चालू आहे. बाबा एसटीत कंडक्टर. सुट्टीच्या दिवशी ते दारात उभे राहून लोकांना 'चला, पुढे सरका' करत आत घ्यायचे, फक्त तिकीट फाडायचं बाकी ठेवायचे.

शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आत कुणाची तरी पाठ माझी वाट बघत असायची. घामेजलेल्या, केसाळ, तेल चोपडलेल्या पाठी. मला किळस यायची, पण त्या काळात मला कोण विचारतं.

पुढे मी अकोल्याला शिकले, डॉक्टर झाले. वाटलं, आता तरी सुटका होईल. कसली सुटका? डॉक्टर बी हाय अन् पायाळू बी हाय, असा माझा डबल लौकिक झाला. उसण म्हणजे स्नायू आखडलेला असतो, तो आपोआप मोकळा होतो, त्यात माझ्या पायाचं काही नाही, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. लोक सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पालथे पडायचे.

त्या रविवारी मात्र मी ठरवलं होतं, की आज कुणाच्या पाठीला पाय लावणार नाही. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. पीजीच्या प्रवेशासाठी कॉलेजं आणि विषय पसंतीने भरून द्यायचे होते, आणि संध्याकाळी ते सगळं लॉक होणार होतं. एकदा लॉक झालं की संपलं, मग देव आला तरी बदलत नाही. माझा रँक असा होता, की जे पहिल्या क्रमांकावर टाकीन ते बहुतेक मिळणार होतं. लोकांना रँक कमी असला की झोप लागत नाही. मला चांगला असल्यामुळे लागत नव्हती, कारण चुकलं असतं तर दोष द्यायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं, गायनिक की ऑर्थो, एवढाच प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाच्या एका टोकाला माझं लग्न बांधलेलं होतं.

दिवाळीनंतर माझं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. मुलगा अमरावतीचा, नितेश, तोही डॉक्टर, मेडिसिन करतोय. स्वभावाने गरीब, दिसायला बरा, माझ्या विनोदांना हसतो. त्याच्या वडिलांचा अमरावतीला मोठा दवाखाना आहे आणि आता त्यावर आणखी दोन मजले चढताहेत. साक्षगंधानंतर आम्हाला ते बघायला बोलावलं होतं. बाबांनी नवा शर्ट घातला होता. डॉक्टरसाहेबांनी आम्हाला प्रत्येक खोली दाखवली, लिफ्ट दाखवली, शेवटी दर्शनी भिंतीवर लावायचा बोर्ड दाखवला. त्यावर नितेशच्या नावाखाली माझं नाव छापून तयार होतं, त्यांच्या आडनावासकट, आणि पुढे लिहिलं होतं: स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ.

मी म्हटलं, अजून माझा प्रवेश व्हायचाय. ते हसले. मी म्हटलं, मला ऑर्थो करायचंय. तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी मला शांतपणे, अगदी प्रेमाने समजावलं, की हाडांचं काम ताकदीचं असतं, मुलीच्या मनगटाला ते झेपत नाही, आणि झेपलं तरी आपल्या भागातला गडीमाणूस बाईच्या हातात आपलं हाड देणार नाही. शिवाय दवाखान्याला बाई डॉक्टर हवीच आहे. बाया बाईकडेच येतात. नितेश शेजारी उभा होता. तो बोर्डाकडे बघत राहिला. गाडीत बसताना मला हळूच म्हणाला, की मी बाबांशी बोलतो. अजून तो बोलतोच आहे.

मला ऑर्थोचं वेड इंटर्नशिपमध्ये लागलं. अपघात विभागात मांडीचं हाड मोडलेला एक ट्रॅक्टरवाला आला होता. वरच्या सीनियरने मला म्हटलं, तू ओढ, मी सांगतो कसं. मी ओढलं. जोर लागतो तो दंडाचा नाही, अंगाच्या वजनाचा, हे मला तिथे कळलं. हाड जागेवर आलं तेव्हा ते माझ्या हाताला कळलं आणि ओरडणारा तो माणूस एकदम गप्प झाला. मला इतका आनंद परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. त्यानंतर मी ड्युटी नसताना प्लास्टर रूममध्ये जाऊन बसायचे. गायनिक वाईट नाही. पण कुणी माझ्या नावापुढे ते आधीच छापून ठेवलंय म्हटलं, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तर त्या रविवारी मी ओसरीवरून फाटकापर्यंत आणि फाटकापासून ओसरीपर्यंत नुसती येरझारा घालत होते. मोबाइल उघडायचा, ऑर्थो वर करायचं. मग नितेशचा चेहरा आठवला की गायनिक वर करायचं. पुन्हा उलट. नितेशचा मेसेज आला: "झालं का लॉक?" थोड्या वेळाने पुन्हा: "बाबा विचारताहेत." मला त्या मोबाइललाच विहिरीत टाकावंसं वाटत होतं.

बाबा मला समजावून थकले होते. त्यांचं म्हणणं एकच, साक्षगंध चारचौघांत झालंय, अर्ध्या तालुक्याने जेवून ढेकर दिलाय. आता पोरीने ऐनवेळी वेगळं केलं तर ते लोक काय म्हणतील? बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही. त्यांना भीती वाटत होती. एवढी वर्षं लोकांना त्यांच्या गावी सुखरूप उतरवणाऱ्या माणसाला आपली लेक मध्येच कुठे उतरते की काय, याची भीती वाटत होती. मला ते दिसत होतं आणि म्हणून आणखीच राग येत होता.

आई, शकुन तिचं नाव, ओसरीच्या कोपऱ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. संध्याकाळी सोल्यांची आमटी करायची होती. या सगळ्या प्रकरणात ती एक शब्द बोलली नव्हती. मी तिला विचारलं होतं, दोनतीनदा विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, मले काय समजते त्यातलं. मी समजले, की ती अमरावतीच्या बाजूने आहे आणि तिला ते तोंडाने म्हणायचं नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि देवरावकाका आत आले. आमच्या शेजारचे, संत्र्याच्या बागेवाले, चांगला धिप्पाड माणूस. डाव्या हाताने उजवा हात धरून, घामाघूम होऊन आले होते. मागे त्यांचे दोन भाऊबंद. बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाय सरकून पडले होते. आल्या आल्या ते सतरंजीवर बसले आणि मला म्हणाले, "बाई, खांद्यात उसण भरली. पाय लाव."

मी नुसतं लांबून बघितलं आणि मला कळलं. खांद्याचा गोल गेला होता, तिथे नुसता कोपरा निघाला होता. मी सांगितलं, काका, ही उसण नाही, खांदा निखळलाय, अकोल्याला चला. ते म्हणाले, मागच्या साली बी असाच झाला होता. तेव्हा अकोल्याला जाईस्तोवर जीव गेला होता, यंदा घरचीच डॉक्टर आहे तर कायले जाऊ? आणि अकोल्यात तरी कोण होतं? तूच होती ना तिथं?

हा युक्तिवाद मला मोडता आला नाही. आधी तोच खांदा निखळलेला होता, पडणंही साधं होतं. मी त्यांची नाडी बघितली. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बोट लावून विचारलं, कळते का? कळतं म्हणाले. बोटं हलवायला लावली. हलली. मग त्यांना सतरंजीवर उताणं झोपवलं, छातीभोवती चादर गुंडाळली आणि तिची टोकं बाबांच्या हातात देऊन सांगितलं, मी इकडे ओढते, तुम्ही तिकडे घट्ट धरा, काही झालं तरी सोडू नका.

बाबांनी पहिल्याच ओरडण्याला चादर सोडून दिली. "देवराव, लागलं का?" असं विचारायला लागले.

भाऊबंदांपैकी कुणी पुढे येईना. मग मी काकांच्या शेजारी जमिनीवर बसले, त्यांच्या काखेत टॉवेलची घडी ठेवली आणि अनवाणी पाय त्यांच्या बरगडीला टेकवला. पुस्तकात लिहिलंय, की शक्यतो पाय लावू नये, नस दबते. मला ते पाठ होतं. म्हणून टाच काखेत न घालता खाली बरगडीवरच ठेवली. दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि मागे रेलले. हिसका द्यायचा नाही, घाई करायची नाही. मी त्यांना विचारत राहिले, यंदा संत्र्याला मृगाचा बहार धरला की आंबिया, व्यापारी कुठला, अंजनगावचा की परतवाड्याचा. ते कण्हत कण्हत उत्तरं देत राहिले. बोलता बोलता त्यांचा दंड सैल पडला, आणि खांदा माझ्या हाताखाली खट्कन आत गेला.

"अरे," देवरावकाका म्हणाले. "गेलं की."

मी पुन्हा नाडी बघितली, बोटं हलवून घेतली, ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि उद्या एक्स-रेचा फोटो काढल्याशिवाय हात वर करायचा नाही म्हणून दम दिला. मला मोठ्याने हसावंसं वाटत होतं. मी बाबांकडे बघितलं, की आता तरी काहीतरी म्हणतील.

बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते भाऊबंदांना सांगत होते, "पाह्यलं? अजूनबी पायात गुण हाय तिच्या. लहानपनी होता तसाच हाय."

भाऊबंद म्हणाले, पायाळूच ती, पाय लागला अन् काम झालं. फाटकापाशी जमलेल्या दोनचार बाया तेच म्हणाल्या. मला तिथल्या तिथे भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. एवढी वर्षं शिकले, रात्री जागले, हाडं पाठ केली, सांधे पाठ केले, आणि श्रेय कुणाला? तर पायाला. तो पाय मला आईच्या पोटातून फुकट मिळाला होता.

देवरावकाका चहा प्यायला बसले. दुखणं थांबल्यामुळे त्यांना बोलावंसं वाटत होतं. बाबांनी त्यांना माझा प्रश्न सांगितला, अमरावतीचं सांगितलं, पोरगी हाडाची डॉक्टर व्हायचं म्हणते हे सांगितलं. काकांनी बशीतला चहा फुंकला, माझ्या ओढणीत बांधलेल्या आपल्या हाताकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "नाई बाप्पा. हाडं ओढनं गड्याईचं काम हाय. बाईच्या हाताले ते जमत नाई. तू आपली बायकाईची डॉक्टर हो."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

शेंगा सोलण्याचा आवाज थांबला. आईने टोपली बाजूला सारली.

"देवरावभाऊ," ती म्हणाली, "तुमचा खांदा पायानं नाई बसला. मी इथंच बसून होती. तिनं पयले तुमची नाडी पाह्यली, बोटं हलवाले लावली, मंग हातानं ओढलं. पाय त टेकाले लावला होता, म्हाताऱ्याच्या काठीवानी."

काकांनी बशी खाली ठेवली. बाबा म्हणाले, जाऊ दे ना, कायले वाद. आई थांबली नाही. मी तिला इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ती कुणाशी भांडत नव्हती, नुसतं सांगत होती.

"पायाळू पायाळू लावलं हाय सगळ्याईनं. पाय बाहेर आले होते अन् डोकं अडकलं होतं. हे कोणाले आठवते?"

कुणाला आठवत नव्हतं. मलाही नाही, कारण मला कुणी सांगितलंच नव्हतं. पायाळू मुलाचं डोकं अडकणं हा आमच्या अभ्यासातला अख्खा धडा आहे. मी तो परीक्षेत लिहिलाय, तोंडी परीक्षेत बाहुलीवर करून दाखवलाय. त्या धड्यातली बाई माझी आई आहे, हे माझ्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. बाबा तेव्हा परतवाड्याच्या गाडीवर होते. सासूने तिला बैलगाडीत घालून एका लहान दवाखान्यात नेलं. तिथे बाई डॉक्टर होती, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. बाई नवी होती. पाय दिसले आणि ती घाबरली. तिने खरं ते सांगितलं, की मला हे कधी जमलेलं नाही, आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावणं धाडलं. तो आला. तो गडीमाणूस होता. माझी आजी दारात आडवी उभी राहिली. सुनेच्या अंगाला परका गडी हात लावणार नाही म्हणाली. तो म्हणत होता, आजीबाई, वेळ नाही. आजी हलेना.

"मी आतून वरडली," आई म्हणाली. "येऊ द्या त्याले. लाज कायची? जीव चालला होता. त्यानं हात धुतले, अन् मी त्याच्या हाताइकडं पाह्यलं. थरथरत नोहते. बाई हाय का गडी हाय, मी नाई पाह्यलं."

बाबा खाली बघत होते. त्यांनाही यातलं अर्धंच माहीत असावं, कारण ते एकदम म्हातारे दिसायला लागले. देवरावकाका झोळीतल्या हाताची बोटं हळूहळू हलवून बघत होते.

मी आईजवळ जाऊन बसले. तिला विचारलं, मग तू इतके दिवस बोलली का नाहीस? ती म्हणाली, की तुझं तुला ठरवू द्यावं म्हटलं. पण तू त ठरवलं होतं, नुसती भेऊन राहिली. मला रडू आलं. माझ्या मनात काय आहे हे तिला इतकं नेमकं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि मी तिला परक्या बाजूची समजत होते.

"मी म्हनली नाई तुले ऑर्थो कर, का ते दुसरं कर," ती म्हणाली. "बाई हाय म्हनून करू नको, एवढंच. जे करशीन त्यात हात थरथरू देऊ नको."

मी मोबाइल उघडला. या वेळी खालीवर केलं नाही. ऑर्थो पहिल्या क्रमांकावर टाकलं, दुसऱ्या कॉलेजातलं ऑर्थो दुसऱ्या, तिसऱ्यावर पण तेच, आणि लॉक केलं. बोट दाबताना साक्षगंधाची अंगठी समोर दिसत होती. ती राहील की जाईल हे मला माहीत नव्हतं. नितेश मला आवडतो. हे मी लपवत नाही. अंगठी परत द्यावी लागली तर मी खूप रडणार होते, आणि तरीही देणार होते.

बाबांनी विचारलं, "आता अमरावतीले काय सांगू?" आवाज अगदी लहान झाला होता.

"तुमी नका सांगू," आई म्हणाली. "मले लावून द्या."

तिने पदराला हात पुसले. एरवी आई अमरावतीच्या माणसांशी बोलताना उभी राहते, डोक्यावरून पदर घेते आणि हो हो म्हणते. आज ती बसूनच राहिली. मी फोन लावून दिला, स्पीकरवर ठेवला. पलीकडे नितेशची आई होती. आधी तिने सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली, मग आनंदाने म्हणाली, की झालं ना एकदाचं, डॉक्टरसाहेब सकाळपासून वाट बघताहेत.

"झालं, इहीणबाई," आई म्हणाली. "पोरगी हाडाची डॉक्टर होऊन राहिली."

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज ऐकू आली. मध्येच नितेशचाही आवाज आल्यासारखा वाटला, पण शब्द कळले नाहीत. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने नितेशची आई फोनवर आली आणि जपून, एकेक शब्द मोजून म्हणाली, की ठरलेलं असं नव्हतं, तेव्हा आम्हाला जरा विचार करावा लागेल.

"करा ना," आई म्हणाली. "इचार तुमचाच राह्यला हाय. आमचा झाला."

तिने फोन माझ्याकडे दिला. मी तो बंद केला. तेव्हा मला दिसलं, की तिचे हात थरथरताहेत. मी ते धरले आणि सुटू दिले नाहीत.